हाताशी असलेली मोठी माणसं

भोपाळात नामवंत माणूस भेटायला वशिला लागत नाही. श्यामला हिल्सवरच्या जनजातीय संग्रहालयात एखाद्या कार्यशाळेच्या दिवशी जा, किंवा फेब्रुवारीत भारत भवनच्या वर्धापन दिनाला तिथल्या पायऱ्यांवर जरा टेका. ज्यांची चित्रं देशोदेशी लागली आहेत अशी माणसं हातात चहाचा कप घेऊन शेजारून जाताना दिसतील. भज्जू श्याम, भूरीबाई, दुर्गाबाई व्याम. तिघांनाही पद्मश्री मिळालेली. भज्जूंना २०१८ मध्ये, भूरीबाईंना २०२१ मध्ये, दुर्गाबाईंना २०२२ मध्ये. नमस्कार केला की उलट नमस्कार येतो, विचारलं की उत्तर मिळतं, आणि चित्रासमोर उभं राहून नुसतं बघत राहिलात तर बहुधा न विचारताही दोन गोष्टी सांगितल्या जातात.

आम्हा भोपाळच्या मराठी लोकांना याची सवय झाली आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपुराहून इथे आली आणि तिच्यामागे कारकुनांपासून अधिकाऱ्यांपर्यंत कितीतरी मराठी बिऱ्हाडं भोपाळच्या सरकारी क्वार्टरांत उतरली. इंदूर-ग्वाल्हेरकडची मंडळी त्यांच्यात मिसळली. आता या घरांकडे नागपूर-पुण्याहून पाहुणे आले की फेरा ठरलेला असतो: सांची, भीमबेटका, मोठा तलाव आणि जनजातीय संग्रहालय. संग्रहालयातून परतताना पाहुण्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं. ‘इतकी मोठी माणसं, पण किती साधी हो!’ वाक्य कौतुकाचंच असतं, मनापासूनचंही असतं. तरी मला ते खटकतं. या माणसांच्या वागण्यातला गोडवा आपण फुकटात मिळालेला मानतो, असं मला त्यातून ऐकू येतं. तो फुकट नाही. तो कुणी जपला, कशाने टिकला आणि आपण त्याचं काय करतो, हे एकदा नीट पाहायला हवं.

भूरीबाईंपासून सुरुवात करू. झाबुआ जिल्ह्यातलं पिटोल हे त्यांचं गाव. गुजरातची सीमा तिथून अगदी जवळ, बाजार दाहोदचा. घर भिल्लांचं आणि गरिबीचं. लाकडाच्या मोळ्या गाडीतून दाहोदला नेऊन विकायच्या, मजुरीला जायचं, असं बालपण. त्या लहान असताना त्यांचं घर जळालं, हेही त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. चित्रं होती ती भिंतीवरची. गेरू, खडू, चुलीतला कोळसा, झाडपाल्याचा रस, हे रंग. एक गोष्ट मात्र करायची नाही अशी ताकीद होती. पिठोराचा घोडा काढायचा नाही. पिठोरा हे देवाचं चित्र. नवस फेडायला घरात तो लिहवून घेतात, आणि लिहिणारा लिखंदरा पुरुषच असतो. बायकांनी तो घोडा काढायचा नाही, ही रीत. भूरीबाईंनी ती रीत मोडली नाही. घोडा वगळून उरलेलं सगळं जग त्यांनी काढलं. मोर, कोंबड्या, झाडं, शेतं, लग्नं, जत्रा आणि पुढे विमानं आणि मोटारीही.

लग्नानंतर त्या भोपाळला मजुरीला आल्या. तेव्हा श्यामला हिल्सवर चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे भारत भवन उभं राहत होतं. १३ फेब्रुवारी १९८२ ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं, त्याच्या आधीचे हे दिवस. भूरीबाई तिथे दगड-मातीच्या पाट्या वाहत होत्या, रोज होता ६ रुपये. चित्रकार जगदीश स्वामीनाथन या भारत भवनच्या ‘रूपंकर’ कलासंग्रहालयाची जुळवाजुळव करत होते. ते मजुरांमध्ये हिंडायचे, कोण कुठला, घरी काय करता, देव कुठले, भिंतीवर काय काढता, असं विचारायचे. भूरीबाईंना हिंदी येत नव्हतं, भिली येत होती. सोबतच्या माणसाकरवी बोलणं झालं. काढून दाखवाल का, असं स्वामीनाथन यांनी विचारलं. तर भूरीबाईंची शंका अगदी रास्त होती: बसून चित्रं काढत राहिले तर आजचा रोज कोण देणार? स्वामीनाथन यांनी तो देऊ केला, आणि तोही ६ नाही तर १० रुपये.

हा व्यवहार मला फार मोलाचा वाटतो. नावाजलेला चित्रकार, सरकारी संस्थेचा प्रमुख, आणि समोर पाट्या उचलणारी परप्रांतीयासारखी वाटणारी तरुण बाई, जिला त्याची भाषाही कळत नाही. त्याने तिला ‘वा, वा, छान’ म्हणून पाठीवर थाप मारली असती तरी ती खूश झाली असती आणि दुसऱ्या दिवशी पाट्या उचलायला गेली असती. त्याने तिच्या हातातल्या कामाला मजुरीपेक्षा जास्त दाम लावला. बसून रंगवण्याचे पैसे मिळतात याचंच तिला नवल वाटलं. तिचा संकोच गेला तो या दहा रुपयांनी. लखलखीत कौतुकाने गेला नसता.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. कागदावर रंगवायला शिकावं लागलं, संसार ओढावा लागला, आजारपणं आली. मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान १९८६-८७ चा. त्यानंतर आदिवासी लोककला परिषदेत चित्रकार म्हणून नोकरी मिळाली. कपिल तिवारी तेव्हा परिषदेचं काम पाहत होते, आणि २०२१ च्या पद्म यादीत भूरीबाईंबरोबर त्यांचंही नाव आलं. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार हा कलावंताच्या स्वभावावर केवढा परिणाम करतो, हे आपण बोलत नाही. उद्याची चिंता असलेलं माणूस परक्याशी गोड बोलेलच असं नाही, आणि न बोललं तर त्याला दोष देता येत नाही. भूरीबाईंच्या बोलण्यातला निवांतपणा मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा त्यात त्यांच्या स्वभावाइतकाच त्या नेमणुकीच्या कागदाचाही हात असणार, असं मला वाटतं.

आता त्यांचं काम जवळून बघा, कारण ‘साधं’ हा शिक्का तिथे टिकत नाही. आधी सपाट रंगात आकार भरतात, समजा एक हरीण. तो वाळला की त्यावर ठिपके येतात. काडीचं टोक रंगात बुडवायचं, टेकवायचं, उचलायचं. प्रत्येक ठिपका शेजारच्या इतकाच, शेजारच्याला न चिकटलेला. मानेवर ओळी वळतात, पोटावर रुंदावतात, पायापाशी पुन्हा जवळ येतात, आणि सपाट हरणाला अंग येतं. काडीवर रंग जास्त झाला की ठिपका फुटतो, कमी झाला की फिका पडतो. तिसऱ्या ओळीतला एक ठिपका चुकला तर पुढची सगळी ओळ तिरपी होते. पुसायची सोय नाही. जनजातीय संग्रहालयातल्या एका लांबलचक भिंतीवर भूरीबाईंनी स्वतःचं सगळं आयुष्य असं ठिपक्याठिपक्यांनी मांडलं आहे: गाव, लाकडाच्या मोळ्या, लग्न, भोपाळ, भारत भवन. त्या भिंतीपाशी पाच मिनिटं थांबून एकाच आकाराचे ठिपके न्याहाळा. ही मेहनत करणाऱ्या बाईला ‘साधी’ म्हणताना जीभ अडखळेल. त्या नम्र आहेत, आतिथ्यशील आहेत. पण त्यांचं काम साधं नाही, आणि आपण काय केलं आहे याची त्यांना पूर्ण जाणीव आहे.

भूरीबाई भिल्ल. भज्जू आणि दुर्गाबाई परधान गोंड. गोंड चित्रकारांची भोपाळातली वस्ती एका माणसाच्या मोकळ्या दारामुळे झाली. त्याचं नाव जनगढ़सिंह श्याम. मंडला भागातल्या, आता दिंडोरी जिल्ह्यात असलेल्या पाटनगढ़ या गावात स्वामीनाथन यांच्या मंडळींना १९८१ मध्ये भिंतीवरचं त्याचं काम दिसलं आणि विशीतला हा मुलगा भोपाळला आला. पुढे भारत भवनच्या आणि कोरियांनीच उभारलेल्या विधानभवनाच्या भिंतींवर त्याची चित्रं आली, पॅरिसला गेली. नाव झाल्यावर माणसं सहसा दार लावून घेतात. मला त्यात गैर वाटत नाही, कामाला शांतता लागतेच. जनगढ़ने उलट केलं. प्रोफेसर्स कॉलनीतल्या सरकारी घरात त्याने गावाकडचे भाऊबंद, भाचे-पुतणे, मेव्हणे-मेव्हण्या आणल्या. कुणी त्याच्या चित्रातल्या मोकळ्या जागा भरायचं, कुणी रेघा ओढायचं, आणि हात तयार झाला की त्याला स्वतःचा कागद मिळायचा. भज्जू त्याचा पुतण्या. भोपाळात आधी रात्रीची चौकीदारी केलेला, विजेची कामं केलेला. काकाने ब्रश हाती दिला.

जनगढ़ २००१ मध्ये जपानमध्ये गेला. निगाताच्या मिथिला संग्रहालयात चित्रं काढायला गेला होता, तिथेच त्याचा मृत्यू झाला. चाळिशीच्या आसपासचं वय. पण त्याच्या घरातून निघालेले हात थांबले नाहीत. भज्जूंना लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला नेलं, आणि परत आल्यावर त्यांनी ते शहर स्वतःच्या चित्रभाषेत मांडलं: इमानी कुत्र्यासारखी रोज ठरल्या वेळी येणारी लाल बस, आणि वेळ सांगतो म्हणून कोंबडा झालेला बिग बेन. त्या चित्रांचं पुस्तक २००४ मध्ये आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ मध्ये ‘भीमायन’ चितारलं, बाबासाहेबांचं चित्ररूप चरित्र. महाडचं तळं त्यात आहे. मराठी वाचकाने ते जरूर पाहावं, कारण आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट तिथे गोंड हाताने आली आहे. त्यातली एक युक्ती तर मनात रुतून बसते. प्रेमाने, दुःखाने बोलणाऱ्याचं बोलणं पक्ष्याच्या आकारात लिहिलं आहे, आणि अपमान करणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी आहे. ज्यांनी ती नांगी सोसली असेल त्यांनाच ही कल्पना सुचणार.

असं सौजन्य फक्त आदिवासी कलावंतांकडेच आहे असं नाही. जुन्या भोपाळची ती रीतच आहे. तिथे घरांपुढे, दुकानांपुढे दगडी पटिये असतात; रात्री जेवणं झाली की त्यांवर बैठक जमते आणि तिथे हुद्द्याप्रमाणे जागा ठरलेल्या नसतात. ‘को खाँ’ अशी हाक सगळ्यांना सारखीच. हॉकीपटू या शहरात घरोघरी निपजले. अस्लम शेर खान इथलेच. १९७५ च्या क्वालालंपूरच्या विश्वचषकात उपांत्य सामना हातातून निसटत असताना बदली म्हणून उतरून, गळ्यातल्या ताविजाला ओठ लावून मलेशियावर बरोबरीचा गोल मारणारे. त्यांचे वडील अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधल्या सुवर्ण संघातले. अशी घराणी ज्या गल्लीत राहतात तिथल्या पोरांना मोठेपणाची दहशत बसत नाही. मंजूर एहतेशाम यांचंही तसंच. ‘सूखा बरगद’सारखी कादंबरी लिहिणारा, २००३ मध्ये पद्मश्री मिळालेला हा लेखक पोटासाठी फर्निचरचा धंदा करायचा. साहित्यावर बोलायला आलेला वाचक आणि सोफ्याचा भाव विचारायला आलेलं गिऱ्हाईक, दोघांनाही तेच भेटायचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या लाटेत ते गेले.

आणि अब्दुल जब्बार. भोपाळच्या ज्या माणसाविषयी लिहिताना माझा हात जड होतो तो हा. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि जब्बारभाईंचं घर त्यात पोळलं. माणसं गेली, त्यांची स्वतःची फुप्फुसं आणि डोळे अधू झाले. १९८७ मध्ये त्यांनी भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संगठन उभं केलं. खैरात नको, रोजगार हवा, ही त्यांची मागणी. बायकांना शिवणकाम शिकवणारं केंद्र काढलं, नुकसानभरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढत राहिले. दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी बागेत सभा भरायची. बुरख्यातल्या, पदर घेतलेल्या, धापा टाकणाऱ्या बायका गवतावर बसायच्या आणि जब्बारभाई एकेकीचं ऐकायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. ते जगाला ठाऊक होते. परदेशी पत्रकार डिसेंबर आला की त्यांना शोधत यायचे. पण गल्लीतली म्हातारी हातात भरपाईचा कागद घेऊन त्यांना वाटेत अडवू शकायची, आणि ते थांबायचे. राजेंद्रनगरच्या छोट्या घरात राहायचे. ओळखीचा गैरवापर केला नाही, पैसा जमवला नाही.

मग त्यांना आजाराने गाठलं. मधुमेह, हृदय, पायाचा गॅंगरीन. उपचारांच्या खर्चासाठी मित्रांना लोकांपुढे हात पसरावे लागले. सरकारने खर्च उचलायचं जाहीर केलं ते अगदी अखेरीला, आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला जब्बारभाई गेले. दोन-अडीच महिन्यांत पद्मश्री जाहीर झाली, मरणोत्तर.

या शहराला त्यांच्याविषयी प्रेम होतं, यात शंका नाही. अंत्ययात्रेतलं रडणं खरं होतं. पण पस्तीस वर्षं ज्याला रस्त्यात केव्हाही थांबवता आलं, त्याची औषधं कोण भरतं हे विचारायची आठवण शहराला झाली नाही. तो हसून बोलायचा म्हणून त्याचं बरं चाललं असेल, असं आपण धरून चाललो. हाताशी असलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक सहज होते. दूरच्या नटनट्यांच्या तब्येतीच्या बातम्या आपण तारखेनिशी सांगतो, आणि जो रोज चौकात भेटतो त्याच्या पायाची जखम आपल्याला दिसत नाही.

हीच गोष्ट आता कलावंतांच्या बाबतीत घडताना दिसते म्हणून हे लिहितो आहे. एका विक्री-प्रदर्शनात पाहिलेला प्रसंग सांगतो. एक गोंड चित्रकार चटईवर बसून काम करत होता. हरणाच्या शिंगांतून झाड फुटलेलं, झाडावर पक्षी. एका सुखवस्तू कुटुंबातल्या मुलाने विचारलं, झाड डोक्यातून कसं येईल? चित्रकाराने ब्रश खाली ठेवला आणि त्याला समजावून सांगितलं, की हरीण जंगलातच राहतं, त्याच्या डोक्यात जंगल असणारच. पोराचे डोळे चमकले. इथवर सगळं सुरेख होतं. मग वडिलांनी किंमत विचारली, ऐकली आणि म्हणाले, ‘एवढी? कागदच तर आहे.’ निम्म्यावर मागितलं. तो नम्रपणे नाही म्हणाला. मग फोटो, त्याच्या खांद्यावर हात टाकून, न विचारता. मग मुलाची वही पुढे आली. ‘यात पटकन एक मोर काढून द्या ना.’ त्याने मोर काढला, पिसाऱ्यातल्या एकूण एक रेघा भरून, घाई न करता. मोर घेऊन मंडळी गेली. जाताना आई म्हणाली, किती साधा माणूस. त्याचं नाव कुणीही विचारलं नाही.

त्या आई-वडिलांना वाईट म्हणायची माझी इच्छा नाही. मुलाला प्रदर्शनाला घेऊन आले, हेच पुष्कळ. पण डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्यावर ‘जाता जाता माझी नाडीही बघा’ असं आपण फुकटात म्हणत नाही, आणि साडीच्या मोठ्या दुकानात लावलेल्या किमतीच्या निम्मा आकडा सांगायची आपली हिंमत होत नाही. चटईवर बसलेल्या माणसापुढेच ती होते. त्याच्या शांत आवाजाचा अर्थ आपण त्याला किंमत नाही असा लावतो. स्वामीनाथन यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी एका मजूर बाईला देऊ केला तेवढा मान आपण आज पद्मश्रीधारकांच्या भाऊबंदांना देत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

महाराष्ट्रात हे वेगळं आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार होता. सत्तरच्या दशकात डहाणूच्या वारली पाड्यांवर तो कागद घेऊन गेला, त्याआधी मधुबनीतही तेच करून आला होता. जिव्या सोमा मशे हे नाव जगापुढे आलं त्यात त्याचा मोठा वाटा. गंजाडच्या त्या झोपडीवजा घरी परदेशी पाहुणे यायचे आणि मशे त्यांच्याशी हसून, खुणांनी बोलायचे. त्यांना पद्मश्री मिळाली २०११ मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर. तोपर्यंत वारली आकृत्या आपल्या बिछान्याच्या चादरींवर, कपांवर, बंगल्यांच्या कंपाउंडवर, लग्नपत्रिकांवर येऊन चुकल्या होत्या, आणि त्या कुणी काढल्या याची चौकशी फारशी झाली नव्हती. २०१८ च्या मे महिन्यात मशे गेले. आज मुंबई-पुण्यातल्या किती घरांच्या भिंतीवर वारली नाच आहे आणि त्यांतल्या किती घरांना एका तरी वारली चित्रकाराचं नाव ठाऊक आहे?

भोपाळात निदान या माणसांना भेटायची जागा आहे. जनजातीय संग्रहालय जून २०१३ मध्ये उघडलं. तिथल्या लिखंदरा दालनात दर महिन्याला एका आदिवासी चित्रकाराचं प्रदर्शन लागतं आणि चित्रं विकत घेता येतात. बाजूला ‘चिन्हारी’ नावाचं विक्री केंद्र आहे. भारत भवनात मराठी कवी दिलीप चित्रे एकेकाळी ‘वागर्थ’ या कविता-विभागाचे संचालक होते, त्यामुळे मराठी माणसाला ती वास्तू परकी नाही. सरकारने आणखी एक करावं. पुरस्कारप्राप्त कलावंतांना मानपत्राबरोबर निवृत्तिवेतन आणि उपचारांची हमी वेळेवर, अर्ज न करायला लावता मिळावी. जब्बारभाईंसारखी पाळी पुन्हा कुणावर येऊ नये, एवढ्यासाठी. सभा-समारंभांना या मंडळींना बोलावणाऱ्या संस्थांनी शालीबरोबर मानधनाचं पाकीटही द्यावं. दिवसभर बसवून घेऊन नारळावर बोळवण करू नये.

आणि वाचकहो, तुमच्याकडून इतकंच. भोपाळला याल तेव्हा संग्रहालयाला दोन तास राखून ठेवा. भूरीबाईंची भिंत सावकाश बघा. एखादा चित्रकार काम करत असेल तर त्याचा हात थांबेपर्यंत थांबा, मग नमस्कार करा आणि आधी त्याचं नाव विचारा. फोटो हवा असेल तर परवानगी घ्या. चित्र आवडलं आणि ऐपत असेल तर सांगितलेली किंमत द्या. ऐपत नसेल तर तसं मोकळेपणी सांगा, त्याला राग येणार नाही. मुलाच्या वहीत मोर हवा असेल तर मोराचे पैसे विचारा. आणि घरी गेल्यावर ते चित्र भिंतीवर लावाल तेव्हा खाली चित्रकाराचं नाव आणि गाव लिहून ठेवा.